पंगतीत फिरलेला गुडघा

"आणि आता मी मंचावर आमंत्रित करते शिंत्रे गुडघ्याचे जनक..."

सूत्रसंचालक बाईंचं पुढचं काही मला ऐकूच आलं नाही. टाळ्यांनी सभागृह दणाणून गेलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारी आई होती आणि आईच्या डाव्या पायात तो गुडघा होता. मी केलेला. माझ्या कुपवाडच्या कारखान्यात, माझ्या लेथवर, माझ्या हातांनी.

आईसुद्धा टाळ्या वाजवत होती. का नाही वाजवणार? हा 'जनक' तिचा सख्खा भाचा. डॉक्टर उदयसिंह शिंत्रे, हाडांचे सर्जन, मिरजेत स्वतःचं हॉस्पिटल. माझा मामेभाऊ, आम्ही त्याला उदादा म्हणतो. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं झालं. मग आमदारांच्या हस्ते त्याला पितळेचा केवढा तरी गुडघा भेट दिला. त्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, ती आज इतक्या वर्षांनी सांगतानाही पुन्हा जाते.

आता हा गुडघा आला कुठून, ते सांगते. आईला साखरेचा आजार. अंगठ्याला जखम झाली, ती वर चढत गेली, आणि शेवटी मांडीपासून पाय काढावा लागला. तो उदादानंच काढला. जीव वाचवला तिचा, हे मी कधी नाकारलं नाही. पण नंतर जो नकली पाय बसवला तो एकदम ताठ. चालता यायचं, खाली बसता यायचं नाही. आणि आईला काय हवं होतं? ना काशी ना रामेश्वर. माहेरच्या भैरोबाच्या जत्रेत, हिंगणवाडीच्या पंगतीत, चारचौघींसारखं मांडी घालून जेवायचं होतं. बस्स.

म्हणून मी गुडघा केला. उभं राहून वजन टाकलं की आतला दात बसायचा आणि पाय पक्का व्हायचा. मांडीच्या बाजूचा खटका दाबला की तो दुमडायचा, वर आत वळायचाही, मांडी घालता येईल असा. किती तरी मोडले तेव्हा एक धड झाला. उदादा मापं घ्यायचा, कुठे टोचतं, कुठे भार येतो ते सांगायचा. त्याचा वाटा होताच. पेटंटच्या अर्जावर दोघांची नावं असती तर मी हूं की चूं केलं नसतं.

सत्कारानंतर मी त्याला मंचामागे गाठलं. हातात पेढ्याचा खोका घेऊन उभा होता.

"उदादा, जनक तू?"

"अगं, त्या बाई माइकवर काय वाटेल ते बोलतात. घे, पेढा घे."

"आणि पेटंटच्या अर्जावर कुणाचं नाव आहे?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "माले, एकच नाव असलं की काम सोपं जातं. कंपनी मागे लागलीय. त्यांना बोलायला एकच माणूस पाहिजे."

"मग माझं एकटीचं घालायचं होतंस."

"तुझं?" तो हसला. कसंबसं हसू दाबतात तसला हसला. "तू नटबोल्ट करणारी बाई, तुझ्या नावानं डॉक्टर लोक हा गुडघा विकत घेतील? आणि तू काय परकी आहेस का? घरचंच आहे की सगळं. आत्ती, सांग हिला."

आत्ती म्हणजे माझी आई. ती तेवढ्यात काठी टेकत तिथे आली होती. ती म्हणाली, "माले, चारचौघांत नको. चल घरी."

केसानं गळा कापला होता माझा, आणि माझी आई मला गप्प करत होती. त्या क्षणी मी मनात ठरवलं. ह्याला सोडायचा नाही. नाव गेलं तर गेलं, पण ह्याच्या तोंडाला जे हसू फुटलंय ते पुसून काढायचं.

पुण्यात मेहेंदळे बाई म्हणून वकील होत्या, फक्त पेटंटचीच कामं करायच्या. कोरड्या, मुद्द्याचं बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची ड्रॉइंग्ज?"

"नाहीत."

"म्हणजे?"

म्हणजे काय सांगणार! माझ्या वडिलांची, आबांची सवय, तीच मला लागली. कागदावर काढायचं नाही. कारखान्याच्या फरशीवर खडूनं खऱ्या मापाचं चित्र काढायचं, त्यावर तुकडा ठेवून जुळवायचं, आणि काम झालं की ओल्या फडक्यानं पुसायचं. माझा अख्खा गुडघा फडक्यानं पुसला गेला होता. आणि उदादानं हॉस्पिटलच्या कागदावर सुबक चित्रं काढून घेतली होती, सहीनिशी.

"मग हा तुमचा आहे हे सिद्ध होणं अवघड," मेहेंदळे बाई म्हणाल्या. "दुसरी एक वाट आहे. अर्ज अजून मंजूर झालेला नाही, तोवर कुणालाही हरकत घेता येते. अर्ज करण्याच्या आधी हा गुडघा लोकांत उघड झाला होता का? कुणाला दाखवला? चारचौघांसमोर वापरला? जी गोष्ट आधीच लोकांना माहीत झाली, तिचं पेटंट मिळत नाही."

मी खुर्चीत ताठ झाले. कारण मला पंगत आठवली.

आईच्या पायात गुडघा आला आणि पहिलीच चैत्रातली जत्रा होती. अर्ज झाला त्यानंतर दिवाळीत. त्या जत्रेत आई मांडी घालून पंगतीला बसली आणि उदादाला इतका आनंद झाला की त्यानं पुजाऱ्याच्या हातातला माइक हिसकावून घेतला. उदादाच्या हातात माइक आणि गवळ्याच्या हातात पाणी, दोन्ही सुटलं की आवरत नाही. त्यानं अख्ख्या गावाला गुडघा समजावून सांगितला. मी जास्तीचा एक गुडघा बरोबर नेला होता, तो त्यानं पंगतीतून हातोहात फिरवला. पत्रावळीवरचा भात खाता खाता लोकांनी तो पाहिला.

मेहेंदळे बाई हे ऐकून पहिल्यांदा हसल्या. मग गंभीर झाल्या. "नीट ऐका. हे सिद्ध झालं तर त्यांचा अर्ज पडेल. पण मग तुम्हालाही कधीच मिळणार नाही. कुणालाच नाही. कुणीही उठावं आणि हा गुडघा करून विकावा. चालेल?"

लोक म्हणतील, विचार करायला हवा होता. मी नाही केला. मला गुडघा नकोच होता तेव्हा. मला उदादा उताणा पडलेला बघायचा होता.

"पाडा," मी म्हटलं.

पण पाडणार कसा? साक्षीदार पाहिजेत. मी हिंगणवाडीला गेले, घरोघर फिरले. पंगतीत गुडघा हातात घेऊन बघणारी माणसं माझ्यासमोर बसून म्हणायची, "गुडघा? कसला गुडघा? आमी जिलबी बघितली ताई, गुडघा न्हाई बघितला." कुणाच्या आईचं ऑपरेशन उदादानं फुकट केलं होतं, कुणाचा मुलगा त्याच्या हॉस्पिटलात कामाला होता. खालच्या आळीचा म्हाद्या लोहार, ज्यानं तो गुडघा पंगतीतच खोलून पुन्हा जोडला होता, तो तर मला बघून मागच्या दारानं पसार झाला. एकही सही मिळाली नाही.

तरी आम्ही हरकत घातली. उदादाचं उत्तर आलं, आणि त्यात मुख्य वाक्य हे होतं: ते सार्वजनिक कार्यक्रमातलं जेवण नव्हतं, ते शिंत्रे कुटुंबाचं घरचं जेवण होतं, आणि गुडघा रुग्णाच्या पायातच होता, तो कुणीही आतून पाहिलेला नाही.

घरचं! पुन्हा तेच. मी उत्तराचा कागद चुरगाळून भिंतीवर फेकला. आवाज ऐकून आई आतून आली.

"काय चाललंय तुजं?"

मग मी सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. तिचा चेहरा उतरला.

"माझ्या माहेरावर दावा घातलास?"

"त्यानं माझं नाव चोरलं, आई."

"चोरलं. मला म्हाईत हाय. म्या काय आंधळी न्हाई." तिचा आवाज चढला. "पण माझ्या भावाच्या मागं तेवढं एकच दार उरलंय मला. दिवाळीला पोळीचा घास घालणारं. ते बंद करतीस?"

"तू साक्ष दे माझ्या बाजूनं. तुझ्या पायातला गुडघा आहे."

"माहेराच्या विरुदात? भाच्याला चोर म्हणू? जमायचं न्हाई."

"मग जा तिकडंच!" मी ओरडले.

आणि ती गेली. दोन दिवसांनी उदादाची पांढरी गाडी आली, आई आत बसली, माझ्याकडे वळूनही न बघता. पुढे चैत्रातली जत्रा तिथेच केली, नंतरही आली नाही. फोन केला तर वहिनी सांगायच्या, आत्ती झोपल्यात. मग एके दिवशी मेहेंदळे बाईंचा फोन आला. उदादानं एक शपथपत्र दाखल केलं होतं. पंगत घरची होती, घरच्याच माणसांची, असं त्यात लिहिलं होतं. खाली आईची सही होती.

त्या दिवशी मी कारखाना बंद ठेवला आणि दिवसभर रडले. रागानं रडले, दुःखानं नाही. आता दोघांचाही सूड घ्यायचा असं मी स्वतःशी म्हणाले. स्वतःच्या आईचा! माणसाचं डोकं फिरतं ते असं.

"मी तुमच्या आईंची उलटतपासणी मागितलीय," मेहेंदळे बाई म्हणाल्या. "ते त्यांना घेऊन येतीलच. त्यांना खात्री आहे."

मुंबईत सुनावणी होती. लांबलचक टेबल, खडखडणारा पंखा, आणि समोर पेटंटचे अधिकारी, नागपूरकडचे साहेब, चांगलं मराठी बोलणारे. उदादा नवा सूट घालून आला होता. त्याच्या मागून आई आली. दोन्ही हातांत कुबड्या होत्या आणि डावा पाय पुढे काठीसारखा ताठ निघालेला होता. गुडघा नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, मी केलेलं तुझ्या अंगावर नकोच.

शपथ झाली. मेहेंदळे बाई उठल्या.

"आजी, तुम्ही लिहून दिलंय की जेवण घरचं होतं."

"व्हय. घरचंच."

उदादाच्या वकिलानं मान डोलावली.

"घरात झालं का?"

"घरात कसं हुईल बाई? एवढी माणसं घरात मावतील व्हय? भैरोबाच्या पटांगणात झालं."

"घरची माणसं कोण कोण होती?"

"आता बघा." आई बोटांवर मोजायला लागली. "शिंत्र्यांची भावकी. मग वरची आळी, खालची आळी. माळावरची वस्ती. शेजारच्या दोन वाड्या. पाव्हणंरावळं. आमदारसाब बी होते टोपी घालून."

अधिकारी साहेबांनी चष्मा काढला. "आजी, ही सगळी माणसं घरची?"

"आमच्यात जत्रंला आलेला मानूस परका नसतो साहेब. सगळी घरचीच."

उदादाचा वकील ताडकन उठला. "साहेब, बाई वयस्कर आहेत, प्रवासानं थकल्यात..."

"म्या न्हाई थकले!" आई कडाडली. "माझ्या भाच्याचं कौतुक हाय, ते म्या सांगायचं न्हाई तर कुणी सांगायचं? बसा तुमी."

तो बसला. आणि आईनं सुरुवात केली. काय ते कौतुक! उदा लहानपणी किती हुशार, उदानं तिचा जीव कसा वाचवला. मग पंगत. "म्या मांडी घातली आन् ह्याच्या डोळ्याला पानी आलं साहेब. पुजाऱ्याचा माइक घेतला ह्यानं. म्हनला, बगा रं बगा, माझी आत्ती मांडी घालून बसली! एक गुडघा माझ्या पायात, एक ह्याच्या हातात. हातातला दिला की पंगतीत. ह्या टोकापास्नं त्या टोकापातूर फिरला. खालच्या आळीच्या लोहारानं तर समदा खोलला."

"आत्ती, पुरे," उदादा म्हणाला.

"आसं कसं पुरं? तुजी हुशारी साहेबास्नी कळू दे की." ती साहेबांकडे वळली. "लोहारानं खोलला आन् ह्यानं माइकवरनं सांगितलं. वजन पडलं की हितला दात बसतो. खटका दाबला की दात उठतो. मग आत वळतो. आसं, आसं." तिनं हातांनी करून दाखवलं. "मग लोहारानं पुन्ना जोडला, जशाला तसा. म्हनला, डाक्टर, हे मी बी करीन. तवा हा काय म्हनला ठावं हाय? म्हनला, कर की, आपलं घरचंच हाय!"

साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

"हे कधीचं, आजी?" साहेबांनी विचारलं.

"गुडघा आल्यावर पयलीच जत्रा. त्याच्या फुडच्या दिवाळीला उदा कागुद घिऊन मुंबईला आलता, तवा म्या त्याला करंज्या बांधून दिल्या."

साहेबांनी समोरच्या अर्जावरची तारीख पाहिली, मग उदादाकडे पाहिलं. उदादाच्या वकिलानं फाइल मिटली. निकाल नंतर रीतसर टपालानं आला, अर्ज नामंजूर झाला. पण तो पडला तेव्हाच, त्या खोलीत, आणि मी तो पडताना पाहिला. उदादाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

पण आई मात्र भोळेपणानं बोलून गेली, असंच मला वाटत होतं. म्हातारी कौतुकात वाहवत गेली आणि माझं काम सुंठीवाचून झालं.

बाहेर व्हरांड्यात उदादा आमच्यासमोर आला. चेहरा पांढराफटक.

"आत्ती, काय केलंस कळतंय का तुला?"

"काय केलं रं राजा? कौतुकच केलं की."

आईनं कुबड्या माझ्याकडे दिल्या. दोन्ही हात त्याच्या तोंडावरून फिरवले, स्वतःच्या कानशिलांवर नेले आणि कडाकडा बोटं मोडली. लेकरावरून अलाबला घेतात तशी. तो दोन पावलं मागे सरला आणि जिना उतरून निघून गेला. आईला गाडीत बस म्हणायचंही त्याला सुचलं नाही.

मी टॅक्सी केली. आईचा ताठ पाय आत मावेना, तो पुढच्या दोन सीटांच्या मधून सरकवावा लागला.

"गुडघा कुठंय तुझा?" मी विचारलं.

"उदानं काढून घेतला. गेल्या गेल्याच. कंपनीवाल्यांना पयला नमुना दावायचा हाय, म्हनला. आन् हे लाकूड दिलं." ती खिडकीबाहेर बघत होती. "जत्रा आली. म्या म्हनलं, तेवढ्यापुरता तरी दे रं, पंगतीला बसते. म्हनला, आत्ती, खुर्ची देतो की. मला खुर्चीवर बसवलं माले. पंगतीच्या भाईर. प्लास्टिकच्या खुर्चीवर, ताट मांडीवर घिऊन. माझ्या बापाच्या गावात."

मी तिच्या ताठ पायावर हात ठेवला.

"पयल्यांदा पाय काढला तवा माझा जीव वाचवला त्यानं. म्या हात जोडले. ह्या खेपंला नावासाठी काढला."

"मग त्याच्या बाजूनं सही का केलीस तू? केवढी रडले मी!"

"सही केली नसती तर मला हितं आनली असती व्हय त्यानं?" आई माझ्याकडे वळली. घर सोडल्यापासून पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "आन् भाच्याला चोर म्हनायचं न्हवतं मला. न्हाई म्हनलं. गुळानं मरतो त्याला इख कशाला?"

"माहेर तुटलं तुझं, आई."

"खुर्ची आनली तवाच तुटलं." तिनं त्या लाकडावर टिचकी मारली. "आता त्यो गुडघा कुनाचा?"

"कुणाचाच नाही. कुणीही करावा."

"मग मला एक कर. फुडची जत्रा हाय, म्या जानार."

"कुणी बोलावणार आहे का तुला आता?"

"देवाच्या पंगतीला आवातन लागत न्हाई."

टॅक्सी सिग्नलला थांबली. मला राहवेना. म्हटलं, "आई, मघाशी ती बोटं मोडलीस. ती कौतुकाची होती, का बायका नावानं मोडतात तसली?"

आईनं पदर सावरला आणि डोळे मिटून मागे टेकली.

"ज्याची त्याला कळली," ती म्हणाली.